समुद्राखालचा बोगदा : धूर आणि व्याज

विहीर खणायची ठरली की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला प्रश्न बहुधा घरातली म्हातारी काढते : खाली उतरणाऱ्या गड्याच्या कमरेला दोर कोण बांधणार, आणि कडेची दरड सुटली तर त्याला वर कोण ओढणार? दुसरा प्रश्न कारभारीण काढते : सोसायटीचे कर्ज काढताय खरे, पण पाणी चाळीस फुटांवर लागलेच नाही तर हप्ता कशातून द्यायचा? ज्या घरात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच कुदळ पडते ते घर शहाणे. पण खरे सांगायचे तर दोरासाठी आपण जेवढा जीव टाकतो तेवढा हप्त्यासाठी टाकत नाही. पाणी लागणारच, असे धरून चालतो.

हेच सारे पन्नास किलोमीटरच्या कामात, समुद्राच्या तळाखाली कसे घडले, ते आज सांगायचे आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये खाडीसारखा चिंचोळा समुद्र आहे; त्याच्या खालून रेल्वेचा बोगदा गेलेला आहे. तुम्ही म्हणाल, तिकडच्या बोगद्याचे आम्हाला काय? पण आपल्या ठाण्याच्या खाडीखालूनही आता रेल्वेचा बोगदा होतो आहे, आणि तो ज्या मार्गावर आहे त्या मार्गासाठी पालघरकडच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. तेव्हा दुसऱ्याच्या विहिरीत आधी डोकावून पाहिलेले बरे. ठाण्याकडे शेवटी येऊच.

हा बोगदा खणण्याची कल्पना फार जुनी. १८०२ साली एका फ्रेंच इंजिनिअराने नेपोलियनपुढे आराखडा ठेवला होता. घोडागाड्या जातील, आत तेलाचे दिवे असतील आणि मध्यावर समुद्रात एक बेट बांधून तिथे घोडे बदलतील, असा त्याचा बेत! पुढे १८८० च्या सुमारास दोन्ही काठांवरून खरोखरच खणायला सुरुवात झाली. पण बोगद्यातून फ्रेंच सैन्य घुसेल या भीतीने इंग्रजांनी ते काम थांबवले. १९७४ मध्ये पुन्हा कुदळ पडली आणि १९७५ च्या जानेवारीत पैशाच्या तंगीमुळे इंग्लंडच्या सरकारने हात काढून घेतला. म्हणजे एकदा भीतीने घात केला, एकदा पैशाने. या दोन गोष्टींनी पुढेही पाठ सोडली नाही.

शेवटी १९८६ च्या फेब्रुवारीत दोन्ही देशांनी करार केला. इंग्लंडच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची एक अट होती : सरकारी तिजोरीतला पैसा या कामात घालायचा नाही. कंपनीने लोकांकडून आणि बँकांकडून पैसा उभा करावा, बोगदा बांधावा, ५५ वर्षे चालवावा, त्यातून आपला खर्च आणि नफा वसूल करावा आणि मग तो सरकारांच्या स्वाधीन करावा. त्या कंपनीचे नाव युरोटनेल.

आधी दोराची गोष्ट पाहू, कारण ती त्यांनी फार चांगली केली.

इथे एक नव्हे, तीन बोगदे आहेत, शेजारी शेजारी. दोन मोठे, प्रत्येकी सुमारे साडेसात मीटर व्यासाचे. एकातून गाड्या जातात, दुसऱ्यातून येतात. आणि त्या दोघांच्या मध्ये एक लहान, पावणेपाच मीटरांच्या आसपास व्यासाचा. या मधल्या बोगद्यात रुळ नाहीत. त्यातून रबरी चाकांच्या गाड्या फिरतात. देखभालीचे लोक, आगीचे बंबवाले आणि रुग्णवाहिका यांचीच तिथे ये-जा. दर ३७५ मीटरांवर मोठ्या बोगद्यातून या मधल्या बोगद्यात जाण्यासाठी आडवाट आहे आणि तिला दार आहे.

यातली खरी हुशारी हवेत आहे. मधल्या बोगद्यातल्या हवेचा दाब मोठ्या बोगद्यांपेक्षा मुद्दाम थोडा जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे आडवाटेचे दार उघडले की मधली स्वच्छ हवा बाहेर झेपावते आणि धूर मागे रेटला जातो. धूर आत शिरत नाही. आपल्याकडे धान्याच्या कणगीला धुरी देताना आपण उलटी युक्ती करतो, धूर आत कोंडतो. आगीत माणूस बहुतेक वेळा जळून मरण्याआधी धुराने गुदमरतो, हे ओळखून हा तिसरा बोगदा आखला. भाडे एक पैशाचे नाही, आणि खणायला लागला सारखाच घाम! पण ज्यांनी तो आखला त्यांना पुढे कुणी दोष दिला नाही.

जमीन मात्र त्यांच्या नशिबाने चांगली मिळाली. समुद्रतळाखाली खडू आणि चिकणमाती मिसळलेल्या मऊ खडकाचा एक थर आहे. मुरुमापेक्षा घट्ट, कातळापेक्षा मऊ, आणि मुख्य म्हणजे पाणी सहसा न झिरपणारा. बोगदा शक्यतो त्या थरातूनच नेला, समुद्रतळाखाली सरासरी ४० मीटर खोलवरून. फ्रान्सच्या बाजूला खडकाला भेगा जास्त, तिथे पाण्याचा रेटा सोसणारी बंदिस्त यंत्रे वापरावी लागली. एकूण अकरा यंत्रांनी दोन्हीकडून खणले. १९९० च्या १ डिसेंबरला मधल्या बोगद्याची दोन टोके समुद्राखाली एकमेकांना मिळाली, आणि एवढ्या लांबीवर चूक निघाली ती हातभरसुद्धा नव्हती. खणताना दहा कामगारांचे जीव गेले, हेही इथेच सांगून ठेवतो. ५०.५ किलोमीटर लांबी, त्यातली जवळजवळ ३८ समुद्राखाली. ६ मे १९९४ रोजी इंग्लंडची राणी आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष यांनी उद्घाटन केले.

(इंग्रजांना आणखी एक भीती होती. त्यांच्या बेटावर पिसाळण्याचा रोग नाही. फ्रान्सकडून एखादा पिसाळलेला कोल्हा किंवा कुत्रा बोगद्यातून चालत आला तर? म्हणून बोगद्याच्या तोंडांशी कुंपणे घातली, विजेचे अडथळे बसवले. हसू नका. पिसाळलेल्या कुत्र्याने काय होते ते आपल्याइतके कुणाला ठाऊक!)

आता गाड्यांकडे वळू, कारण पेच तिथेच आहे. या बोगद्यातून माणसांच्या गाड्या जातात. शिवाय मोटारी आणि ट्रक आपल्या पाठीवर घेऊन जाणाऱ्या लांबलचक शटल गाड्या जातात. मोटारींचे डबे सगळीकडून बंद. माणसे आपापल्या मोटारीतच बसतात. डब्यात धूर हुंगणारी यंत्रे, आणि दोन डब्यांमध्ये अर्धा तास आग अडवतील अशी दारे. अर्धा तासच का? तर तेवढ्यात गाडी बोगद्याबाहेर पडते. दोन्ही सरकारांनी सुरक्षेवर देखरेख करायला जे मंडळ नेमले होते, त्याने या डब्यांतली दारे ६० ऐवजी ७० सेंटीमीटर रुंद करायला लावली. चार बोटांची वाढ वाटते, पण त्यासाठी डब्यांचा आराखडा बदलावा लागला, गाड्या मिळायला उशीर झाला, आणि त्या उशिराचे व्याज कंपनीच्या डोक्यावर चढले. ते लक्षात ठेवा.

ट्रकचे काय? भरलेला ट्रक ४४ टनांपर्यंत. त्याच्याभोवती बंद डबा बांधला तर एकूण वजन रुळांना झेपेना. म्हणून ट्रकचे डबे जाळीदार, अर्धे उघडे ठेवले, आणि ट्रकवाल्यांना पुढे इंजिनाजवळ वेगळ्या डब्यात बसवायचे ठरले. आगीच्या कामातल्या जाणत्या लोकांनी तेव्हाच नाक मुरडले होते. वेगाने धावणाऱ्या उघड्या डब्यात आग लागली म्हणजे भात्याने निखारे फुंकल्यासारखेच ते. कंपनीचे उत्तर असे की आग लागली तरी गाडी थांबवायची नाही, सरळ पलीकडे बाहेर काढायची आणि तिथे विझवायची. देखरेख करणाऱ्यांनी ते मान्य केले.

१८ नोव्हेंबर १९९६ ची रात्र. फ्रान्सकडून ट्रकची एक शटल गाडी बोगद्यात शिरली तेव्हाच तोंडाशी असलेल्या पहारेकऱ्यांना एका ट्रकवर ज्वाळा दिसल्या. गाडीत सगळी मिळून ३४ माणसे. नियमाप्रमाणे चालकाने गाडी चालू ठेवली. पण थोड्याच वेळात त्याच्यासमोर एक इशाऱ्याचा दिवा लागला. डब्याखालचा एक टेकू खाली आला असावा, असा त्याचा अर्थ. तसे असेल तर गाडी रुळावरून घसरण्याची भीती. त्याने गाडी थांबवली. तोंडापासून सुमारे १९ किलोमीटर आत, समुद्राखाली.

गाडी थांबताच मागचा धूर पुढे आला आणि त्याने ट्रकवाल्यांचा डबा वेढला. वीज गेली. आडवाटेचे दार जवळच होते, पण धुरात दिसेना. धूर ढकलणारे मोठे पंखे सुरू केले, तर त्यांची पाती चुकीच्या कोनात लावलेली. काही मिनिटे ते नुसतेच फिरत राहिले! पाती नीट केल्यावर हवा वाहू लागली, धूर विरळ झाला, आडवाटेचे दार उघडले, आणि मधल्या बोगद्यातली हवा भसकन बाहेर आली. माणसे ओल्या फडक्यांनी तोंड दाबत आत शिरली. बाजूच्या मोठ्या बोगद्यात थांबवलेल्या दुसऱ्या गाडीतून त्यांना बाहेर नेले. धुराचा त्रास बऱ्याच जणांना झाला. जीव एकाचाही गेला नाही.

बोगद्याचे अस्तर ४५ सेंटीमीटर जाड काँक्रीटचे. आगीने ते इतके सोलले की एका ठिकाणी दोनच सेंटीमीटर उरले. वर तो मऊ खडक होता म्हणून समुद्र आत आला नाही. पुढे कित्येक महिने बोगदा पुरता चालू झाला नाही.

या रात्रीतून दोन गोष्टी कळल्या. नियम कागदावर बरोबर होता : गाडी थांबवू नका. पण थांबवणे भाग पडले तर काय, याचे उत्तर अपुरे होते. आणि तिसरा बोगदा, ज्याला एक पैशाचे भाडे नाही, त्यानेच ३४ माणसे वाचवली. त्यानंतर नियम बदलला. आग लागली तर ठरल्या ठिकाणी थांबायचे आणि माणसे आधी मधल्या बोगद्यात काढायची.

पुन्हा ११ सप्टेंबर २००८ ला आग लागली. गाडी पुन्हा ट्रकचीच. माणसे ३२, सगळी वाचली, १४ जणांना किरकोळ इजा. आग मात्र १६ तास धुमसत होती आणि बोगदा पूर्ण सुरू व्हायला २००९ चा फेब्रुवारी उजाडला. मग २०११ मध्ये बोगद्यांत चार जागा तयार केल्या, प्रत्येकी ८७० मीटर लांबीच्या. तिथे आगीची गाडी येऊन थांबली की छतातून बारीक तुषार सुटतात, ठिबक-तुषारवाल्यांना लगेच समजेल असे. जाड धारेपेक्षा बारीक तुषार आगीची उष्णता लवकर शोषतो.

माझ्या मते उघड्या डब्यांचा निर्णय चुकलाच होता. पण गंमत अशी की ज्या ट्रकगाड्यांनी हा धोका आणला, त्याच कंपनीच्या दुभत्या म्हशी ठरल्या. २०१८ साली सोळा लाखांहून अधिक ट्रक या बोगद्यातून गेले. लाथ मारते म्हणून तिला विकता येत नाही.

आता हप्त्याची गोष्ट. ही ऐकताना घरातल्या बायकांनाही बोलवा.

सरकारचा पैसा नाही, म्हणून कंपनीने १९८७ साली लोकांपुढे पदर पसरला. सुमारे दोनशे बँकांनी मिळून ५०० कोटी पौंड कर्ज देण्याचे कबूल केले, आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये लोकांना शेअर विकून ७७ कोटी पौंड उभे केले. एका शेअरची किंमत साडेतीन पौंड. शेअरबाजार महिनाभरापूर्वीच कोसळला होता, तरीही लोकांनी घेतले. घेणाऱ्यांत फ्रान्समधली साधी, पगारदार, पेन्शनवाली माणसे पुष्कळ. ठराविक शेअर घेतले तर बोगद्यातून सवलतीचा प्रवास मिळणार होता. आपल्याकडे कारखान्याचा शेअर घेतला की दिवाळीला सवलतीची साखर मिळते, तसेच समजा. आणि साखरेच्या पिशवीकडे पाहून शेअर घेणारे कमी नसतात!

हिशेब कसा मांडला होता? बोगदा सुरू झाला की पहिल्याच वर्षी लंडनहून पॅरिस आणि ब्रसेल्सकडे धावणाऱ्या गाड्यांतून १ कोटी ५९ लाख माणसे जातील, असा अंदाज. १९९५ या पहिल्या पूर्ण वर्षात गेली २९ लाख. पाच पोत्यांचा अंदाज आणि खळ्यावर एक पोते. त्यानंतर पंचवीस वर्षे उलटत आली तरी, २०१९ मध्ये, आकडा एक कोटी दहा लाखांच्या आसपास होता.

असे का झाले? एक तर फेरीबोटीवाले हातावर हात ठेवून बसतील असे धरले होते. त्यांनी भाडी पाडली, मोठ्या बोटी आणल्या. मग स्वस्त विमाने आली. फ्रान्सने बोगद्यापर्यंत वेगवान लोहमार्ग वेळेवर नेला. इंग्लंडच्या बाजूला लंडनपर्यंतचा वेगवान मार्ग पुरा व्हायला २००७ उजाडले. पीक तयार, पण बाजाराकडे जाणारी वाट चिखलाची.

दुसरीकडे खर्च वाढत गेला. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा ८० टक्क्यांनी जास्त झाला, आणि कर्जाचा खर्च १४० टक्क्यांनी जास्त. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा का, ते शेतकऱ्याला सांगायला नको. काम एक वर्ष लांबले की बोगदा एक पैसा कमावत नाही, पण व्याज रविवारीही चालते. सप्टेंबर १९९५ मध्ये, उद्घाटनाला दीड वर्ष व्हायच्या आत, कंपनीने मोठ्या कर्जावरचे व्याज देणे थांबवले. तेव्हा व्याज दिवसाला सुमारे २० लाख पौंड चढत होते.

यात कुणी चोरी केली नाही. बोगदा उत्तम होता, गाड्या चालत होत्या, रोजच्या खर्चापेक्षा रोजची मिळकतही जास्त होती. फक्त कर्ज इतके मोठे होते की मिळकत व्याजाला पुरत नव्हती. बँकांना तर बोगदा उचलून नेता येत नाही, लिलावात तो घेणार कोण? म्हणून सावकार आणि ऋणको वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात बसून राहिले. सरकारांनी पैसा दिला नाही, मुदत दिली : ५५ वर्षांचा करार आधी ६५ आणि मग ९९ वर्षांचा केला. आता तो २०८६ पर्यंत आहे.

तिकडे शेअरची किंमत १९८९ मध्ये अकरा पौंडांच्या वर गेली होती. पुढे ती अर्ध्या पौंडाच्याही खाली आली. २००४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या सभेत लहान भागधारक चिडून उठले आणि त्यांनी सगळे संचालक मंडळ घरी पाठवले. कारखान्याच्या गाजलेल्या सर्वसाधारण सभा आठवा. पण मंडळ बदलून कर्ज बदलत नाही. २००६ मध्ये कंपनीने पॅरिसच्या न्यायालयाकडे संरक्षण मागितले, आणि २००७ मध्ये तोडगा निघाला : ६२० कोटी पौंडांचे कर्ज २८४ कोटींवर आणले, त्या बदल्यात कंपनीचा मोठा हिस्सा देणेकऱ्यांना दिला, आणि जुन्या भागधारकांच्या हाती १३ टक्के उरले. कंपनीचा पहिला लाभांश निघाला २००९ साली, लोकांनी पैसे दिल्यानंतर जवळजवळ बावीस वर्षांनी.

मग सरकारनेच पैसा घालायला हवा होता का? जपानने तसे केले. तिथे १९५४ साली वादळात एक फेरीबोट बुडून ११५५ माणसे गेली, आणि मग होन्शू व होक्काइदो या बेटांमध्ये ५४ किलोमीटरचा सेइकान बोगदा सरकारी पैशाने खणला. तो १९८८ मध्ये सुरू झाला, तोवर लोक विमानाने जाऊ लागले होते. आणि जपानची सरकारी रेल्वे तर त्याच्या आदल्या वर्षीच कर्जापायी मोडून तिचे तुकडे करावे लागले होते. त्या कर्जात एकटा बोगदा नव्हता, पण गाळात चाक रुतायला एकच दगड लागतो असे थोडेच आहे? सरकारने दिले म्हणजे कुणीच दिले नाही, असे नसते. एवढाच फरक की तिथे कुणा पेन्शनवाल्याच्या ट्रंकेतले कागद रद्दी झाले नाहीत.

आता ठाण्याकडे. मुंबई ते अहमदाबाद वेगवान गाडीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे, आणि त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहेत. समुद्राखालून जाणारा रेल्वेचा भारतातला हा पहिलाच बोगदा. तिकडे तीन नळ्या, इथे एकच मोठी नळी आणि तिच्यात दोन्ही रुळ. यातून मालाचे ट्रक जाणार नाहीत, फक्त माणसांची गाडी जाणार, हा मोठा फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे.

पैशाची रीतही वेगळी. सुरुवातीचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातले ८१ टक्के जपानचे कर्ज; व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, आणि पहिली १५ वर्षे मुद्दल मागायचे नाही. असे कर्ज आपल्या सोसायटीने दिले तर गावात कुणी कोरडवाहू राहणार नाही! दिवसाला वीस लाख पौंड व्याजाची पाळी इथे येणार नाही, हे खरे. पण काम पहिल्या वेळापत्रकापेक्षा बरेच लांबले आहे, आणि लांबले की खर्च वाढतो, मग व्याज कितीही थोडे असो. शिवाय कर्ज रुपयात नाही, येनमध्ये आहे. तिकिटाचे पैसे मात्र रुपयात येणार. येन महाग झाला तर वाढलेला हप्ता कोण भरणार, आणि किती प्रवासी येतील याचा आकडा कुणी, कशावरून काढला, हे पालघरच्या ज्या माणसाची जमीन गेली आहे त्याने ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. दोर बांधणारे इंजिनिअर आहेत. हा दुसरा प्रश्न मात्र कारभारणीचा आहे.